पाय जड झाले आणि लघवी अडली

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एचआयव्ही असलेल्यांच्या पायांच्या आणि मज्जारज्जूच्या दुखण्यावरची, म्हणजे एकाच विषयावरची आहेत, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहे. पत्रलेखकांनी नावे न छापण्याची विनंती केली आहे आणि ती पाळली आहे.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ ३८ वर्षांचा आहे. तो आणि भावजय दरवर्षी दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊसतोडीला जातात. भावाला एचआयव्ही असल्याचे सहा वर्षांपूर्वी कळले आणि एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या सुरू झाल्या. गेल्या हंगामात कारखान्यावर असताना गोळ्या संपल्या. मुकादमाला सुट्टी कशासाठी हवी ते सांगता येईना, आणि त्यानंतर वर्षभर गोळ्या खंडल्याच. गेल्या महिन्यात त्याच्या छातीभोवती पट्टा आवळल्यासारखे दुखू लागले. दोन दिवसांनी पायांना मुंग्या आल्या आणि पाय जड झाले. जवळच्या डॉक्टरांनी मणक्यात गॅप पडला आहे असे सांगून पाच दिवस इंजेक्शने दिली. सहाव्या दिवशी लघवी अडली आणि त्याला उभेच राहता येईना. आता तो वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आहे. पेशी ४२ आल्या आहेत. मज्जारज्जूला दुर्मीळ संसर्ग झाला असावा, असे डॉक्टर म्हणतात आणि पाठीतले पाणी काढून तपासायचे आहे, असेही म्हणतात. घरातील वडीलधारी माणसे म्हणतात की पाणी काढले की माणूस कायमचा लुळा होतो. शिवाय एचआयव्हीच्या गोळ्या काही दिवस थांबून सुरू करू, असे डॉक्टरांनी सांगितले. हे आम्हाला उलटेच वाटते. तो पुन्हा चालेल का?
— एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : आपले पत्र छापून येण्याची वाट पाहण्याजोगे नव्हते, म्हणून ते मिळाले त्याच दिवशी आपल्याला कळवले होते की पाणी काढू द्या. त्यामागची कारणे येथे विस्ताराने देत आहे, कारण हीच भीती मराठवाड्यातल्या प्रत्येक वॉर्डात रोज भेटते.

मज्जारज्जू म्हणजे मेंदूपासून निघून पाठीच्या कण्यातील पोकळीतून खाली उतरणारी, करंगळीएवढ्या जाडीची मऊ दोरी. मोठ्या माणसात ती सुमारे ४५ सेंटीमीटर लांब असते आणि कमरेच्या पहिल्या किंवा दुसऱ्या मणक्यापाशी संपते. त्याच्या खाली मज्जातंतूंचा घोड्याच्या शेपटीसारखा झुबका पाण्यात सुटा तरंगत असतो. पाणी काढण्यासाठी सुई घातली जाते ती कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मधून, म्हणजे जेथे मज्जारज्जू उरलेलाच नसतो तेथून. त्यामुळे सुईने मज्जारज्जूला इजा होऊन पाय जातात, ही समजूत शरीररचनेशी जुळत नाही. ती का पसरली हे मात्र समजण्यासारखे आहे. ज्यांचे पाय आधीच जात होते त्यांचेच पाणी काढले गेले, पाय पुढे जायचे ते गेले, आणि दोष सुईच्या माथी आला. तपासणीनंतर काही दिवस डोके दुखू शकते. मज्जारज्जूवर बाहेरून दाब असेल किंवा मेंदूत मोठी गाठ असेल, तर पाणी काढण्याआधी विचार करावा लागतो, आणि म्हणूनच आधी एमआरआय करतात.

त्या एमआरआयबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. पाय गेले म्हणजे दुखणे कमरेत, असे धरून पुष्कळदा फक्त कमरेचा एमआरआय काढला जातो, तो निर्दोष येतो आणि नातेवाइकांना हायसे वाटते. परंतु आपल्या भावाला पट्टा आवळल्यासारखे दुखत होते ते छातीभोवती. मज्जारज्जूचे दुखणे कोणत्या पातळीवर आहे हे शरीर असे स्वतःच सांगत असते. निवासी डॉक्टर असताना मी अशा एका रुग्णाला पायापासून वर टाचणी टोचत गेलो होतो. घोटा, गुडघा, मांडी, कुठेच काही नाही. बेंबीच्या चार बोटे वर टाचणी गेली तेव्हा तो म्हणाला, ‘आता टोचलं.’ बेंबीच्या पातळीची संवेदना छातीच्या भागातील दहाव्या मज्जातंतूकडे असते, म्हणजे बिघाड त्याहून वर होता आणि कमरेचा एमआरआय तेथे पोहोचलाच नसता. त्याचे ओटीपोट बेंबीपर्यंत टणक फुगलेले होते. नळी घातल्यावर एक लिटरहून अधिक लघवी निघाली, आणि लघवीला लागली आहे हे त्याला दिवसभर जाणवलेले नव्हते. घरच्यांना वाटत होते की तो पाणी कमी पितो म्हणून लघवी होत नाही. तेव्हा संपूर्ण पाठीच्या कण्याचा, शिरेतून औषध देऊन काढलेला एमआरआय झाला आहे का, एवढे आपण डॉक्टरांना जरूर विचारावे.

आता संसर्ग कोणता, हा प्रश्न. आपण ज्यांना ‘पेशी’ म्हणतो त्या सीडी४ पेशी निरोगी माणसात साधारणपणे ५०० च्या वर असतात, आणि २०० च्या खाली गेल्या की एचआयव्हीची अवस्था पुढे गेली असे मानतात. ४२ ही संख्या अशी आहे की एरवी शरीरात निमूटपणे दडून राहिलेले जंतू डोके वर काढू शकतात.

आपल्या भागात पहिली शंका क्षयाची घ्यावी लागते. क्षय हा काही दुर्मीळ आजार नव्हे, पण तो पाठीत तीन रीतींनी पोहोचतो आणि त्यांपैकी दोन खरोखर विरळ आहेत. पहिली रीत मणक्याच्या हाडाला लागण्याची. हाड पोखरते, पू साचतो आणि मज्जारज्जू दाबला जातो. पर्सिव्हल पॉट या इंग्लिश शल्यचिकित्सकाने १७७९ मध्ये याचे वर्णन केले, म्हणून डॉक्टर अजूनही ‘पॉट्स स्पाइन’ म्हणतात. दुसरी रीत मज्जारज्जूवरच्या आवरणाला सूज येऊन तंतू चिकटण्याची, आणि तिसरी थेट मज्जारज्जूच्या आत क्षयाची गाठ होण्याची. पहिल्या प्रकारात कधी शस्त्रक्रियेने दाब काढावा लागतो. औषधे तिन्हींत लागतात आणि ती फुप्फुसाच्या क्षयासारखी सहा महिन्यांत संपत नाहीत, साधारणपणे वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ घ्यावी लागतात.

दुसरी शंका नागिणीच्या विषाणूची. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यावर हा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी राहतो आणि प्रतिकारशक्ती खालावली की छातीवर किंवा कमरेवर एका बाजूला फोडांचा पट्टा उठवतो. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, असे आपल्याकडे म्हणतात. तसे काही होत नाही. परंतु पेशी फार कमी असलेल्या माणसात हा विषाणू तंतूच्या मुळाकडून आत सरकून मज्जारज्जूला सूज आणू शकतो, आणि हे फोड सुकल्यानंतर काही दिवसांनी, काही आठवड्यांनी, क्वचित फोड न येताही घडते. गेल्या दोन महिन्यांत भावाला नागीण झाली होती का, कोणी तिच्यावर लेप लावून दिला होता का, हे भावजयीला विचारून डॉक्टरांना सांगा. लेपाची लाज वाटून ही माहिती लपवली जाते, आणि निदानासाठी ती एमआरआयइतकीच मोलाची असते. यावर असायक्लोव्हिर शिरेतून द्यावे लागते, त्याच्या गोळ्या येथे पुरत नाहीत.

तिसरा सायटोमेगॅलो विषाणू. हा मुख्यतः पेशी ५० च्या खाली गेल्यावर त्रास देतो आणि मज्जारज्जूच्या खालच्या झुबक्याला धरतो. त्यात कंबर आणि बूड दुखते, बसण्याच्या जागेची संवेदना जाते, पाय ताठ होण्याऐवजी ढिले पडतात आणि लघवी तुंबते, आणि हे सारे काही दिवसांत घडते. विषाणूच्या संसर्गात पाठीतल्या पाण्यात सहसा लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी वाढतात, पण येथे बहुधा न्यूट्रोफिल, म्हणजे एरवी जिवाणूंच्या संसर्गात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, वाढलेल्या दिसतात, त्यामुळे नुसत्या पेशींच्या मोजणीवरून हा आजार जिवाणूंचा वाटण्याचा धोका असतो. पक्के निदान पीसीआर तपासणीने होते. हाच विषाणू डोळ्याच्या पडद्यालाही लागतो, म्हणून नेत्रतज्ज्ञांना बोलावले असेल तर पाय दुखत असताना डोळे कशाला तपासता, असे म्हणू नये. गॅन्सिक्लोव्हिर हे त्यावरचे औषध रक्तातील पेशी कमी करते, त्यामुळे ते चालू असताना वारंवार रक्त तपासावे लागते.

टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी पेशी १०० च्या खाली असताना बहुतेक वेळा मेंदूत गाठी करतो आणि फार क्वचित मज्जारज्जूत. म्हणून मज्जारज्जूत गाठ दिसली की मेंदूचाही एमआरआय काढतात, तेथे जोडीदार गाठी सापडल्या तर निदान सोपे होते. सिफिलिस, म्हणजे जुन्या लोकांच्या भाषेत गरमी, हा पेशी कितीही असल्या तरी मज्जारज्जूला धरू शकतो. त्याची रक्ततपासणी स्वस्त आहे आणि पेनिसिलिन हे जुने औषध आजही त्यावर चालते, म्हणून ती तपासणी राहून गेली तर ती चूक अक्षम्य समजावी. क्रिप्टोकॉकस ही बुरशी आणि कण्यातील जिवाणूंचा गळू यांचा नुसता उल्लेख करून पुढे जातो. गळू असेल तर मात्र शस्त्रक्रियेला काही तासांचाही उशीर परवडत नाही.

या सर्वांत संसर्ग नसलेले एक दुखणे मिसळून जाते. एचआयव्ही स्वतःच मज्जारज्जूत पोकळ्या पाडतो. त्याला व्हॅक्युओलर मायलोपॅथी म्हणतात. त्यात पाय हळूहळू, कित्येक महिन्यांत ताठरतात, चालताना तोल जातो, अंधारात तर जास्तच, आणि पाठीत फारसे दुखत नाही. ब १२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेतही जवळपास असेच होते, म्हणून त्याची पातळी तपासतात. आपल्या भावाचे पाय सहा दिवसांत गेले. ही गती पोकळ्यांची नाही, आणि गॅपची तर सहसा नाहीच.

‘मणक्यात गॅप’ या शब्दावर मला थोडे बोलायचे आहे. कंबर दुखली की गॅप, पायाला मुंग्या आल्या की गॅप, हे निदान आता इतके सैल झाले आहे की त्याखाली काहीही झाकले जाते. अशा वेळी दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांत स्टेरॉइड असण्याची शक्यता असते. त्याने सूज उतरून रुग्णाला दोन दिवस बरे वाटते, मग आतला संसर्ग अधिक बळावतो. स्टेरॉइड हे येथे निषिद्ध औषध नव्हे, निदान झाल्यावर काही प्रकारांत डॉक्टर ते योजतात. पण कशासाठी देतो आहोत हे ठाऊक नसताना ते देणे ही वेगळी गोष्ट आहे. कोणती इंजेक्शने दिली गेली त्याची चिठ्ठी मिळत असेल तर ती रुग्णालयात द्यावी. भांडण्यासाठी नाही, तपासण्यांचा अर्थ लावताना तिची गरज पडते. त्या डॉक्टरांना भावाला एचआयव्ही असल्याचे सांगितले होते का, हे आपण लिहिलेले नाही. सांगितले नसेल तर त्यांच्यावर सगळा दोष टाकता येणार नाही.

पेशी इतक्या कमी असताना एका दुखण्याचे एकच कारण असेल असे धरून चालत नाही. क्षय आणि विषाणू एकाच वेळी असू शकतात. त्यामुळे तपासण्यांचे निकाल येण्याआधीच डॉक्टरांनी दोन-तीन प्रकारची औषधे एकदम सुरू केली, तर त्यांना काही कळलेले नाही असा त्याचा अर्थ घेऊ नये.

एचआयव्हीच्या गोळ्या थांबवून ठेवण्याचे कारण असे. गोळ्या सुरू झाल्या की प्रतिकारशक्ती परतते आणि दडलेल्या जंतूंवर एकदम तुटून पडते. त्या झटापटीत सूज येते. ही सूज फुप्फुसात आली तर खोकला आणि ताप वाढतो. पण कण्याच्या अरुंद हाडी नळीत सुजेला जागाच नसते आणि दाब येतो तो मज्जारज्जूवर. म्हणून क्षय मेंदूच्या किंवा मज्जारज्जूच्या आवरणात असेल तर आधी क्षयाची औषधे देऊन एआरटी साधारण ४ ते ८ आठवड्यांनी सुरू करतात. क्षय इतरत्र असेल तर मात्र दोन आठवड्यांच्या आत सुरू करण्याकडे कल असतो, आणि बहुतेक इतर संसर्गांतही तसेच. म्हणजे किती थांबायचे हे निदानावर ठरते, आणि निदान त्या पाण्यावर. आणखी एक बाब : क्षयाच्या औषधांतील रिफाम्पिसिनमुळे एआरटीतील डोल्युटेग्रॅव्हिरचे रक्तातील प्रमाण घटते, म्हणून त्या काळात त्याची ५० मिलिग्रॅमची एक जादा गोळी बारा तासांच्या अंतराने घ्यावी लागते. एआरटी केंद्र आणि क्षय विभाग यांच्या खिडक्या वेगळ्या असतात. या गोळीची आठवण दोन्हीकडे आपणच ठेवलेली बरी.

तो पुन्हा चालेल का? उपचार सुरू झाले त्या दिवशी पायांत किती बळ शिल्लक होते, यावर बरेच अवलंबून असते. पाय उचलता येत असतील, निदान अंगठा हलत असेल, तर आशा चांगली. पाय पूर्ण निश्चल होऊन आठवडे उलटले असतील तर कमी. बाहेरून दाबणारा क्षय वेळेवर ओळखला तर पुष्कळ रुग्ण चालत घरी जातात, सायटोमेगॅलोत सुधारणा संथ आणि बऱ्याचदा अपुरी असते. लघवीवरचा ताबा बहुधा सर्वांत शेवटी परततो. सुधारणा महिन्यांच्या हिशेबाने मोजावी, आणि पहिल्या पंधरा दिवसांत फरक दिसला नाही म्हणून रुग्णाला घरी आणू नये.

भावजयीची एचआयव्ही तपासणी झाली नसेल तर ती करून घ्या. पुढच्या हंगामासाठी हेही ध्यानात ठेवा की एआरटी केंद्राला आधी सांगितले तर कारखान्याजवळच्या केंद्रातून गोळ्या मिळण्याची व्यवस्था होऊ शकते, आणि प्रकृती स्थिर झालेल्या रुग्णांना एकदम काही महिन्यांच्या गोळ्याही देतात. मुकादमाला कारण सांगण्याची त्यात गरज पडत नाही.

प्रश्न : मी चौदा वर्षांपासून एआरटी घेते, एकही दिवस चुकवलेला नाही. पेशी ५४० आहेत. दोन वर्षांपासून दोन्ही तळपायांना रात्री आग होते आणि मुंग्या येतात. चप्पल पायातून निसटली तरी कधी कधी कळत नाही. माझ्या मज्जारज्जूला संसर्ग झाला असेल का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : आपण केलेल्या वर्णनावरून तशी शक्यता फार कमी दिसते. दोन्ही तळपायांपासून सुरू होणारी, दोन वर्षे रेंगाळलेली आग ही बहुधा पायांच्या टोकाकडील मज्जातंतूंची तक्रार असते, मज्जारज्जूची नव्हे. चौदा वर्षांपूर्वी गोळ्या सुरू झाल्या असतील तर सुरुवातीला स्टॅव्हुडिन होते का, ते जुन्या पुस्तिकेत पाहा. ते औषध नेमका हाच त्रास मागे ठेवत असे आणि म्हणूनच पुढे बंद करण्यात आले. क्षयप्रतिबंधासाठी आयसोनियाझिड घेतले असल्यास ब ६ ची गोळी सोबत होती का, तेही आठवा. रक्तातील साखर आणि ब १२ तपासून घ्या. चप्पल निसटलेली कळत नाही, म्हणून रोज रात्री तळपाय पाहण्याची सवय लावा आणि अनवाणी शेतात जाऊ नका. पाय ताठरू लागले, लघवीला वेळ लागू लागला किंवा छाती-पोटाभोवती पट्टा जाणवला, तर मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहता जा.

प्रश्न : माझ्या पतीला एचआयव्ही आहे आणि मज्जारज्जूचा आजार होऊन दोन महिने झाले. आता घरी आहेत, लघवीची नळी आहे, कमरेखाली कळत नाही. माकडहाडाजवळ लालसर डाग दिसतो आहे. त्यांचे कपडे, लघवीची पिशवी यांपासून मला किंवा मुलांना एचआयव्ही होईल का? आणि शेजारी विचारतात तेव्हा काय सांगावे?
— एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : लघवीतून, कपड्यांतून, स्पर्शातून, एका ताटात जेवल्याने एचआयव्ही होत नाही. जखमेतले रक्त हाताळताना हातमोजे घाला, एवढे पुरे. त्यांचा आजार क्षय ठरला असेल तर मुलांची क्षयासाठी तपासणी करून घ्या, ती काळजी रास्त आहे.

आज मला जास्त चिंता त्या लालसर डागाची वाटते. बोटाने दाबून पाहा. दाबल्यावर पांढरा पडून पुन्हा लाल होत नसेल, तर कातडीखाली इजा सुरू झाली आहे. दिवसा-रात्री दर दोन तासांनी कूस बदला, पाठीवर सलग झोपवू नका, टाचांखाली घडी घातलेली चादर अशी ठेवा की टाच अधांतरी राहील. डाग चोळू नका, त्यावर पावडर किंवा हळद दाबू नका. चादरीची चुणीसुद्धा पुरेशी असते, कारण त्यांना ती टोचत नाही. कातडी फुटली तर त्याच दिवशी दाखवा. लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या पातळीखाली राहू द्या. कायमची नळी ठेवण्याऐवजी दिवसातून ठरावीक वेळा नळी घालून लघवी काढण्याची पद्धत शिकता येते, तिने संसर्ग कमी होतो. परिचारिकेकडून ती प्रत्यक्ष पाहून घ्या.

शेजाऱ्यांना ‘मणक्याचा आजार आहे’ एवढे सांगा, ते खोटे नाही. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय कोणाची स्थिती उघड करता येत नाही आणि उपचार, नोकरी किंवा घर नाकारता येत नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना मात्र सर्व सांगा. क्षयाचे औषध चालू असेल तर निक्षय पोषण योजनेतून मिळणारे महिना १००० रुपये बँक खात्यात जमा होतात का ते पाहा, आणि पायांतील अशक्तपणा टिकून राहिला तर दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. इतर शंकांसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे, तेथे नाव न सांगताही बोलता येते.